पुलाचा ठराव

अमेरिकेत इंग्लंडच्या राजाचा अंमल होता, त्या काळी फर्नब्रुक गावचे लोक दर वसंतात सभा भरवून बहुमताने गावचा कारभार ठरवत. नव्या गव्हर्नराला, सर लायनेल क्रॅडॉकला, हे खुपले. घोडागाडी जोडून तो थेट सभेतच येऊन थडकला.

"राजाच्या परवानगीशिवाय या सभेने केलेले सगळे ठराव आजपासून रद्द," त्याने हुकूमनामा वाचला. "पुन्हा सभा भरवाल तर तुरुंगात जाल."

सभेचे अध्यक्ष, म्हातारे सुतार ओबडाया थॉर्न, सावकाश उठले.

"सरकार, सगळेच ठराव?"

"एकूण एक."

"मग आपल्या परतीची काळजी वाटते. आपण ज्या पुलावरून आलात, तो बांधायचा ठराव याच सभेचा. म्हणजे आता पूलही बेकायदा. राजाच्या माणसाला बेकायदा पुलावरून आम्ही कसे जाऊ द्यावे? आणि नदीला तर पूर आहे."

गव्हर्नराने खिडकीतून नदीकडे पाहिले. मग त्याने हुकूमनाम्याची घडी घालून ती खिशात ठेवली.

"चालू द्या तुमची सभा," तो म्हणाला.

तो गेल्यावर पेशन्स हॉब्ज पुढे आली. पूल नव्हता तेव्हा तिचा नवरा त्याच नदीत वाहून गेला होता.

"थॉर्नकाका, तुमचे फार उपकार झाले."

"माझे एकट्याचे कसले? पूल साऱ्या गावाने बांधला."

पेशन्स वळली आणि बाकांवर बसलेल्या एकेका शेजाऱ्याचे नाव घेऊन आभार मानू लागली.