मागचा हात

"पण बाबा, ते दिवस परत कधी येतील? तेवढं सांगा, मग मी उठतो."

विश्वंभरराव ढोकणे सकाळपासून हेच विचारत होते. बरीच वर्षं आमदार, मधे काही काळ राज्यमंत्री, आणि गेल्या निवडणुकीत असे आपटले की पक्षाने बैठकीचा निरोप धाडणंही सोडून दिलं.

गावाबाहेरच्या दर्ग्यात नूरशा फकीर चिंचेखाली चिलीम साफ करत बसले होते.

"गाडी दिसली की फटाके लागायचे, बाबा. माणसं वेशीपासून उभी असायची. परवा एका शाळेच्या कार्यक्रमाला गेलो, तर सूत्रसंचालकानं मला नाव विचारलं... मला! माझंच नाव!"

खुर्ची गेल्याचं दुःख त्यांनी कसंबसं पचवलं होतं. आपली आता कुणी वाट बघत नाही, हे काही केल्या पचत नव्हतं.

फकीर उठले. कुणा भाविकानं आणून ठेवलेला गुलाबाचा हार त्यांनी उचलला आणि विश्वंभररावांच्या गळ्यात घातला.

विश्वंभररावांच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं. हात जुळले, मान लवली, आणि हार गळ्यात नीट टेकायच्या आत त्यांनी तो काढून खांद्यावरून मागं दिला.

मागं कुणीच नव्हतं.

हार धुळीत पडला...

"कुणाला दिलास?" फकिरांनी विचारलं.

"सवय, बाबा. गर्दीत हारांचा ढीग व्हायचा. मागं आमचा सटवाजी उभा असायचा, तो घ्यायचा."

"न बघता द्यायचास?"

"बघायला सवड कुठं होती? माझा हात मागं गेला की त्याचा हात असायचाच. ऊन असो, पाऊस असो. कधी हार खाली पडला नाही..."

त्यांनी धुळीतल्या हाराकडे पाहिलं.

"आता कुठं हाय त्यो?"

"येत नाही."

"कवापासून?"

विश्वंभरराव आठवू लागले. निवडणुकीत पडल्यानंतर? की त्याच्याही आधी? कधीतरी मागचा हात बदलला होता, आणि त्यांना पत्ताही लागला नव्हता.

सटवाजीचा चेहरा काही नीट डोळ्यांपुढं येईना. बोटं तेवढी आठवत होती, खरखरीत. एकाएकी फटाके, वेस, गर्दी सगळं बाजूला राहिलं आणि त्यांना त्या एका हाताची ओढ लागली. इतकी, की डोळे भरले.

"बाबा, आत्ताच गाडी पाठवतो. त्याला इथं बोलावून घेतो."

फकिरांनी हार उचलला. धूळ झटकली. विश्वंभररावांच्या ओंजळीत ठेवला.

"गाडी नको. चालत जा. त्यो जसा तुझ्यामागं उभा असायचा, तसा त्याच्या दारात बसून राहा... त्यो घरात असला, तरी हाक मारू नकोस."