काशीदादाचा नंबर

एका डोंगराच्या पायथ्याशी वांजळे नावाचं गाव होतं. गावाला रेल्वे स्टेशन होतं आणि स्टेशनाबाहेर टॅक्सी स्टँड होता. डोंगरमाथ्यावर थंड हवेचं ठिकाण असल्यामुळे शहरातली माणसं वांजळ्याला उतरायची आणि टॅक्सी करून वर जायची. त्या भाड्यांवर स्टँडवरच्या सगळ्यांची घरं चालायची.

स्टँडचा म्होरक्या होता काशिनाथ भोईर. सगळे त्याला काशीदादा म्हणत. त्याचा आवाज असा खणखणीत, की तो बोलायला लागला की फलाटावरची घोषणा ऐकू येत नसे. माणूस मात्र मनाचा मोकळा. कुणाची गाडी घाटात बंद पडली, तर जेवणाचं ताट सरकवून दोरी घेऊन निघणारा पहिला तोच.

पण त्याला एक खोड होती, आणि ती त्याच्याकडून सगळ्या स्टँडला लागली होती. जवळचं भाडं कुणी घेत नसे.

"दादा, बाजारपेठेत सोडता का?" असं कुणी विचारलं, की काशीदादा आभाळाकडे बघत म्हणायचा, "ही गाडी वरची आहे."

वरची म्हणजे फक्त डोंगरावर जाणारी. त्याच्या मागे बबन म्हसकर नावाचा ड्रायव्हर असायचा. तो तर तेवढंही बोलत नसे. हातात पिशवी घेतलेला गावचा माणूस दिसला, की बबन टोपी तोंडावर ओढून घोरायला लागायचा. डोंगरावर जाणारे पाहुणे दिसले, की त्याची झोप आपोआप उडायची.

अशातच वांजळ्यात 'निघूया' आली. ही कंपनी मोबाईलवरून गाडी पाठवायची. बटण दाबलं की गाडी दारात. कंपनीचा एक हसतमुख माणूस स्टँडवर आला आणि म्हणाला, "तुम्हीही आमच्यात या. तुम्ही आमचे भागीदार!"

काशीदादाने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "ज्याला आपण कधी बघितलं नाही, तो आपला मालक होणार," तो सगळ्यांना म्हणाला. "आज गोड बोलतील, उद्या गळा धरतील."

फक्त सिकंदर मुल्ला नावाचा तरणा ड्रायव्हर कंपनीत गेला. सुरुवातीला त्याला भाड्यामागे बक्षीस मिळालं. मग एके दिवशी कुणालाही न विचारता बक्षीस बंद झालं आणि कंपनीचा वाटा वाढला. सिकंदरने फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "आपली तक्रार नोंदवली आहे." दुसऱ्या दिवशी लावला, तरी तोच आवाज आणि तेच वाक्य. भांडायला समोर माणूसच नव्हता. सिकंदर वैतागून स्टँडवर परत आला.

"या, भागीदार!" काशीदादा म्हणाला. सगळे पोट धरून हसले. सिकंदरही हसला. काशीदादाने त्याला पुन्हा रांगेत जागा दिली.

तेवढ्यात सरकारी हुकूम आला. प्रत्येक टॅक्सीला मीटर लावा, दरपत्रक लावा. मग मात्र काशीदादाचं डोकं फिरलं.

"बघितलंत? सरकार आणि कंपनी आतून एक आहेत. नियम आपल्याला, आणि मोकळीक त्यांना! गाड्या बंद ठेवा. लोकांचे हाल झाले की सरकार धावत येईल."

स्टँड बंद पडला. सगळे ड्रायव्हर कट्ट्यावर बसून लोकांच्या हालांची वाट बघू लागले.

पण लोकांचे हाल झाले नाहीत. माणसं स्टेशनाबाहेर यायची, मोबाईलकडे बघायची आणि 'निघूया'च्या गाडीत बसून जायची. बंद कशासाठी आहे, हेही कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ काशीदादाकडे आले. काशीदादा सरसावून बसला.

"अहो," गृहस्थ म्हणाले, "ती मोबाईलवाली गाडी नेमकी कुठं येऊन थांबते?"

काशीदादाने हाताने जागा दाखवली. त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही.

शेवटी परिवहन खात्याच्या अधिकारी ढवळेबाईंनी सगळ्यांना ग्रामपंचायतीच्या सभागृहात बोलावलं. ड्रायव्हर आले, कंपनीचा हसतमुख माणूस आला आणि गावकरीही आले.

काशीदादा भांडायच्या तयारीनेच उठला. "बाई, आमच्या अंगावर खाकी, छातीला बिल्ला, काचेवर परमिट. दरवर्षी गाडी तपासून घ्यायची. आणि यांच्या गाड्या? पांढऱ्या पाटीच्या, घरगुती! यांना काहीच नियम नाही?"

"तुमचं बरोबर आहे," ढवळेबाई म्हणाल्या.

काशीदादा तसाच खाली बसला. समोरचं माणूस कबूल करेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

बाई कंपनीच्या माणसाकडे वळल्या. "परमिट नसलेली तुमची एकही गाडी उद्यापासून स्टेशनासमोर दिसता कामा नये. आणि दर बदलायचा तर ड्रायव्हरला आधी लेखी कळवायचं." त्या माणसाचं हसू तेवढ्यापुरतं मावळलं.

मग त्या म्हणाल्या, "आता गावकऱ्यांचं ऐकू."

मागच्या बाकावरून द्वारकाबाई टोकरे उठल्या. त्या शाळेचे गणवेश शिवायच्या. कापड आणायला त्यांना शहरात जावं लागे आणि गुडघ्यांमुळे चालताना त्रास होई. घर स्टेशनाजवळच, पण कासारआळीच्या चढावर.

"मला मोबाईलचं काही कौतुक नाही," त्या म्हणाल्या. "ती गाडीसुद्धा कधी कधी येत नाही. पण मग दुसरी येते. 'एवढ्याशासाठी गाडी कशाला, चालत जा' असं तोंडावर कुणी म्हणत नाही. काशीदादा, तुम्ही मला तसं म्हणालात. कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन मी चढ चढले, आणि तुम्ही सगळे बघत होतात."

काशीदादाला तो दिवस आठवेना. असे दिवस इतके झाले होते, की त्यातला नेमका कुठला, हे त्याला सांगता आलं नसतं. त्याचीच त्याला लाज वाटली.

ढवळेबाई म्हणाल्या, "स्टँडच्या जागेची मुदत संपत आली आहे. कंपनीने ती जागा मागितली आहे. मी सुट्ट्यांचा हंगाम संपल्यावर येईन आणि तेव्हा ठरवीन. कंपनीला काय नियम लावायचे ते मी बघते. तुम्ही स्वतःला कुठला लावणार, ते तुम्ही बघा."

स्टँडवर परतल्यावर गलका झाला. बबन म्हणाला, "मोर्चा काढू." आणखी कुणी म्हणालं, "आमदाराकडे जाऊ." मग सिकंदर पुढे झाला. तो म्हणाला, "दादा, कंपनीत मला एकच गोष्ट चांगली वाटली. गाडीत बसणाऱ्याला हात जोडावे लागत नव्हते. तेवढं आपणही करू शकतो. ज्याचा नंबर, त्याने येईल ते भाडं घ्यायचं. लांब असो, जवळ असो. नाही म्हणायचं नाही."

"आणि ऐन हंगामात वरचं भाडं सोडायचं?" बबन ओरडला.

सगळे काशीदादाकडे बघू लागले. त्याने बराच वेळ हनुवटी खाजवली. त्यालाही हे आवडलं नव्हतं. पण द्वारकाबाईंचे शब्द त्याच्या मनातून जात नव्हते.

"नियम करू," तो म्हणाला. "उद्यापासून गाड्या सुरू, मीटरही लावू. नियम जो मोडेल तो त्या दिवशी रांगेच्या शेवटी. मग तो मी असलो तरी."

नियम तर झाला. पण पहिले काही दिवस त्याची परीक्षाच झाली नाही. गावची माणसं इतक्या वेळा नकार ऐकून बसली होती, की कुणी स्टँडकडे फिरकतच नव्हतं.

मग सुट्ट्यांचा पहिला शनिवार उजाडला. सकाळपासून एकही भाडं मिळालं नव्हतं. दुपारची आगगाडी आली तेव्हा काशीदादाचा नंबर पहिला होता. त्याच्या मागे सिकंदर, सिकंदरच्या मागे बबन.

स्टेशनाच्या फाटकातून द्वारकाबाई बाहेर आल्या. हातात कापडाचा मोठा गठ्ठा. मोबाईलची बॅटरी संपली होती, म्हणून त्या इकडेतिकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या मागोमाग एक मोठं कुटुंब आलं. आजोबा, सुना, मुलं आणि ढीगभर सामान. कुटुंबातल्या कर्त्या माणसाने लांबूनच हात केला. "वर जायचंय! दोन दिवस गाडी ठेवून घेऊ. सगळं फिरवाल का?"

असं भाडं हंगामात एखाद्यालाच मिळायचं.

काशीदादाने द्वारकाबाईंकडे बघितलं. त्या काही बोलल्या नव्हत्या. मागण्याचीही त्यांना आशा नव्हती. आपण त्यांना बघितलंच नाही असं केलं असतं, तरी त्या रागावल्या नसत्या. गठ्ठा उचलून चढाकडे निघाल्या असत्या. नियम मोडला असंही कुणाला म्हणता आलं नसतं, कारण त्यांनी गाडी विचारलीच कुठं होती?

मागे सगळा स्टँड बघत उभा होता. बबनने तर टोपी काढून हातात घेतली होती.

काशीदादा पुढे झाला आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाला, "द्वारकाबाई, कुठं जायचं? घरीच ना? बसा."

बाई दचकल्या. "अहो, ते पाहुणे..."

"तुम्ही आधी आलात. आणा तो गठ्ठा इकडे." मग पाहुण्यांकडे वळून तो म्हणाला, "साहेब, मागच्या गाडीत बसा. सिकंदर तुम्हाला झकास फिरवील."

गाडी सुटली. पुढचा प्रवास म्हणजे काशीदादाच्या धीराची दुसरी परीक्षा होती. द्वारकाबाईंना इतक्या दिवसांनी हक्काची टॅक्सी मिळाली होती. त्यांनी ती पुरेपूर वापरली. "जरा सावकाश, गुडघा दुखतो." "इथं थांबा, दोऱ्याची रिळं घ्यायची आहेत." "आता इथं थांबा, नारळ घेते." घरी पोचल्यावर गठ्ठा आत नेऊन ठेवायचा होता, शिवाय कपाटावरचा डबाही खाली काढून हवा होता. काशीदादाने सगळं केलं. बाईंनी मीटर वाचून पैसे दिले आणि हातावर लाडू ठेवला.

"रागावू नका हं," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले."

"एकट्याला सांगितलं असतं, तर मी ऐकलं नसतं," काशीदादा म्हणाला आणि सभेनंतर पहिल्यांदाच मनापासून हसला.

तो परतला तेव्हा सिकंदर कधीचाच डोंगरावर गेला होता. गेलेल्या भाड्याचा काशीदादाने मनात पुन्हा एकदा हिशेब केला. कुणी त्याची पाठ थोपटली नाही. तो गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी कुबडी टेकत बाहेर आला. त्याला जवळच्याच दवाखान्यात जायचं होतं. आता नंबर बबनचा होता. सवयीने त्याचा हात टोपीकडे गेला. टोपी नाकापर्यंत आलीही. मग ती तिथंच थांबली. बबनने रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या काशीदादाकडे बघितलं, टोपी सरळ केली आणि गाडीचं दार उघडलं.

"कुठं, बाबा? दवाखान्यात? बसा."

त्या दिवसापासून स्टँडवरची टोपी पुन्हा तोंडावर आली नाही. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. पिशव्यावाले, गठ्ठेवाले, लग्नाला निघालेले, दळण घेऊन परतणारे, सगळे हळूहळू स्टँडकडे वळले. डोंगरावरचं भाडं कधी मिळायचं, कधी हुकायचं. पण गाडी रिकामी उभी राहत नसे.

हंगाम संपल्यावर ढवळेबाई आल्या. काशीदादाने त्यांच्यासाठी छान भाषण तयार ठेवलं होतं. पण बाई स्टेशनाबाहेर आल्या तेव्हा स्टँडवर एकही टॅक्सी नव्हती. त्यांना उन्हात थांबावं लागलं. थोड्या वेळाने काशीदादाची गाडी आली. बाईंना बघून तो ओशाळला.

"स्टँड रिकामा?" त्यांनी विचारलं.

"सगळे भाड्यावर आहेत, बाई."

"आणि तुमची तक्रार? कंपनीला काहीच नियम नाही, ती?"

"कंपनीवर माझा अजून विश्वास नाही," काशीदादा म्हणाला. "त्यांनी परवा पुन्हा दर बदललाय म्हणतात, न कळवता. त्याची चौकशी करा. आता आम्ही ताठ मानेने सांगू शकतो."

"करते," बाई हसून म्हणाल्या. "आणि तुमची जागा तुमच्याकडेच राहील. आता मला एस. टी. स्टँडवर सोडता का? जवळच आहे, म्हणून विचारते."

काशीदादाने खाली उतरून दार उघडलं.

तात्पर्य: जो स्वतःला नियम लावून घेतो आणि तोटा सोसूनही पाळतो, त्यालाच दुसऱ्याच्या नियमाचा जाब विचारता येतो.