तेराव्या केळ्याविरुद्ध अर्ज

विषय: शेजारील विक्रेतीस डझनात तेरा केळी देण्यास मनाई होणेबाबत.
संदर्भ: केळीविक्रेते गेनू तुपे यांचा ग्रामपंचायतीस अर्ज.

उपरोक्त विषयी हकीकत अशी की, एका गावच्या बाजारात गेनू तुपे केळी विकत असे. शेजारीच सगुणाबाई बसे. तिचीही केळीच. बाग एक, भाव एक. गिऱ्हाईक मात्र तिच्याकडे.

कारण उघड होते. फणीला तेरा केळी असली तर सगुणाबाई ती डझनाच्याच भावात अख्खी देई. गेनू तेरावे तोडून ठेवी. ते सुटे केळे संध्याकाळपर्यंत काळे पडे आणि शेळीच्या तोंडी जाई.

"सगुणाक्का, डझन म्हणजे बारा! धंदा करतेस की अन्नछत्र चालवतेस?"

"एका केळ्यासाठी फणी कशाला मोडायची रे? तूही दे की."

सल्ला गेनूला पटला. म्हणूनच तो अधिक चिडला.

पुरावा मिळवायला तो म्हाताऱ्या मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणाले, "डझन इंग्रज साहेबाबरोबर आला. साहेबाने तो फ्रेंचांकडून घेतला. मूळ शब्द लॅटिन, अर्थ 'दोन आणि दहा'. चार बोटांची पेरं अंगठ्यानं मोज, बाराच भरतील. आणि बारा वस्तू दोघांत, तिघांत, चौघांत, सहाजणांत सारख्या वाटता येतात. वाटायला सोयीचा, म्हणून हा हिशेब टिकला."

गेनूने 'बारा' एवढेच ऐकले.

"म्हणजे तिचं तेरावं बेकायदा?"

"बेकायदा कसलं? तूही तेरावं दे. गिऱ्हाईक येईल."

"देईन मास्तर. पण आधी तिचं बंद होऊ दे."

पुढच्या बाजारी तो अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत जाऊन बसला. टोपली तशीच उघड्यावर. केळी उन्हाने जातील म्हणून सगुणाबाईने तीही विकून टाकली. गेनू परतला तेव्हा दुपारही झाली नव्हती. टोपली रिकामी होती. असे पूर्वी कधी घडले नव्हते.

"घे तुझे पैसे," ती म्हणाली. "सगळा माल गेला बघ."

"कसा दिलास?"

"अख्ख्या फण्या. आणखी कसा?"

गेनूने पैसे खिशात टाकले आणि आल्या पावली परत जाऊन अर्जाला पुरवणी जोडली: 'सदर बाईने माझ्याही मालात तेरा दिली. सबब दुप्पट कारवाई व्हावी.'

अर्ज पुरवणीसह प्रलंबित आहे.

तात्पर्य: मत्सरी माणसाला स्वतःची टोपली रिकामी झालेली पुरत नाही, शेजाऱ्याची भरलेली राहावी लागते.