खराडे हवालदारांचे कान

कुसळवाडी म्हणून एक गाव होतं आणि त्या गावात सावळाराम नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती, तर सांगितलेलं ऐकणारा. गावात तसा दुसरा कोणी नव्हता, त्यामुळं लोकांना त्याच्याशी बोलायचीच धास्ती वाटायची.

एकदा बाजारात दोन परक्या माणसांनी त्याच्या डोक्यावर एक जड पोतं दिलं. म्हणाले, "आम्ही येईपर्यंत इथंच उभा राहा. कोणी विचारलं तर सगळं माझंच आहे म्हण." सावळाराम उभा राहिला. ती माणसं आली नाहीत, पोलीस आले. पोत्यात देवळातल्या समया आणि घंटा निघाल्या. पोलिसांनी विचारलं, हे कोणाचं? सावळाराम म्हणाला, सगळं माझंच आहे. मग कोर्टानं विचारलं. कोर्टालाही त्यानं तेच सांगितलं, कारण माणूस बघून उत्तर बदलायची त्याला सवय नव्हती. तीन वर्षांची सजा झाली. नेताना तो पोलिसांना एवढंच म्हणाला, "ती माणसं आली तर सांगा, मी हललो न्हाई."

तुरुंगात मात्र त्याचं उत्तम जमलं. तिथं ऊठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं. बाहेर कोणी इतकं नीट सांगत नाही. असा कैदी जेलरसाहेबांनी जन्मात पाहिला नव्हता. वर्षभरातच त्यांनी सावळारामच्या सुटकेचा अर्ज वर पाठवून दिला.

तेवढ्यात त्याच्या बहिणीचं, अनशीचं लग्न ठरलं. आईनं मुलाकडच्यांना सांगितलं होतं, "पोरगा सरकारच्या कामावर असतो. राहणं, खाणं, कपडे, सगळं सरकारच देतं." मुलाकडचे खूश झाले. म्हणाले, "मग त्याला रजा काढायला सांगा. भाऊ नसला तर कान कोण पिळणार?" आपल्याकडं लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट नांदव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा त्याचा अर्थ. अनशीला भाऊ एकच.

आईनं जेलरसाहेबांचे पाय धरले. सावळारामला चौदा दिवसांचा पॅरोल मिळाला. साहेबांनी त्याला समोर उभं करून अटी वाचल्या.

"गावात पोचल्यापासून रोज सकाळी दहाला पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची. गावात पोचल्यावर तालुक्याची हद्द ओलांडायची नाही. कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही. आणि चौदाव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत या फाटकात यायचं. सगळ्या अटी पाळून आलास, तर सुटकेचा कागद त्याच घटकेला तुझ्या हातात ठेवीन. एक जरी मोडलीस, तर उरलेली दोन वर्षं इथंच. लक्षात राहील?"

"राहील," सावळाराम म्हणाला.

राहणारच होतं. भीती तीच होती.

पहिल्या दिवशी दहाच्या ठोक्याला सावळाराम ठाण्यात गेला. खराडे हवालदार चहा प्यायला समोर गेले होते. खुर्ची रिकामी होती. सावळारामनं रिकाम्या खुर्चीसमोर "हजर" म्हटलं आणि तो घरी आला. दुपारी हवालदार तणतणत दारात आले.

"हजेरी म्हणजे मला तोंड दिसलं पाहिजे, गाढवा. मी जिथं असेन तिथं यायचं आणि समोर उभं राहायचं."

"बरं," सावळाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हवालदारांची सुट्टी होती. दहा वाजता ते घरी न्हाणीत अंगाला साबण लावत होते. सावळाराम न्हाणीत शिरला आणि समोर उभा राहिला.

"हवालदारसायेब, हजर."

हवालदारांनी तांब्या आडवा धरला. "अरे, काही लाजलज्जा? माणसानं आधी लांबून खाकरावं. मोठ्यानं हाक मारावी, मी आलोय, येऊ का म्हणून. हो म्हटल्यावर मग यावं."

"बरं," सावळाराम म्हणाला. आणि तो बाहेर गेला.

तिसऱ्या दिवशी ओढ्याकडेच्या करवंदीच्या जाळीत हवालदार पोटावर पडून होते. ओढ्यात हातभट्टी लागली होती आणि भट्टीवाले चौघं डब्याभोवती बसले होते. तीन आठवडे पाळत ठेवून हवालदारांनी ही वेळ साधली होती. आता उडी घालायची, एवढंच राहिलं होतं. दहा वाजले. लांब बांधावर कोणीतरी खाकरलं.

"हवालदारसायेब, मी आलोय. जाळीत येऊ का?"

भट्टीवाले चौघं चार दिशांना गेले. डबासुद्धा घेऊन गेले.

हवालदार काटे काढत उठले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "लेका, मी काही कामात असलो, तर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. हळूच रांगत यायचं, शेजारी बसायचं आणि नुसती मान हलवायची. मी समजून घेईन."

"बरं," सावळाराम म्हणाला.

चौथ्या दिवशी ठाण्याच्या तपासणीला तालुक्याचे फौजदार आले. खुर्चीत ते, समोर ताठ उभे हवालदार. दहा वाजता दारातून सावळाराम रांगत आला, हवालदारांच्या पायाशी बसला आणि त्यानं मान हलवली.

"हा कोण?" फौजदारांनी विचारलं.

सावळारामनं मान हलवली.

"मुका आहे काय?"

त्यानं मान हलवली.

फौजदारांना संशय आला. "काय रे, हे हवालदार ड्यूटीवर झोपतात?" मान हलली. "हातभट्टीवाले यांच्या डोळ्यांदेखत पळाले म्हणतात, ते खरं?" मान हलली. हे मात्र खरंच होतं.

फौजदार जे बोलायचं ते बोलून निघून गेले. हवालदार बराच वेळ भिंतीकडं तोंड करून उभे होते. मग वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सावळाराम, मोठी माणसं समोर असली की ताठ उभं राहायचं. सलाम ठोकायचा. नाव, गाव, गुन्हा, सजा, सगळं खणखणीत सांगायचं. कोणी विचारायची वाट बघायची नाही."

"बरं," सावळाराम म्हणाला. त्याला हवालदारांचं वाईट वाटायचं. एवढा मोठा माणूस, पण रोज काहीतरी सांगायचं विसरायचा.

पुढचे तीन दिवस बरे गेले, कारण हवालदार दहा वाजता खुर्ची सोडून कुठंच जात नव्हते. आठव्या दिवशी लग्न होतं. हवालदारांना जेवणाचं बोलावणं होतं, तेव्हा हजेरी मांडवातच घ्यायची ठरली.

सकाळी आईनं सावळारामला बजावलं, "कुणी इचारलं तर सरकारच्या कामावर असतो म्हनायचं." सावळारामनं हो म्हटलं. अनशी हळदीच्या अंगानं आतून ऐकत होती. भावाला ती ओळखून होती.

वऱ्हाड आलं. नवरदेवाचे वडील, चुलते, मामा, फेटे बांधलेली सगळी मोठी माणसं बैठकीवर बसली. कोणी काही विचारायच्या आतच सावळाराम पुढं झाला. ताठ उभा राहिला. त्यानं सलाम ठोकला.

"सावळाराम, राहणार कुसळवाडी. देवळातल्या समया आणि घंटा. सजा तीन वर्षं. एक भोगली, दोन राहिली."

सनई थांबली. आईनं पदर तोंडात धरला. नवरदेवाच्या वडिलांचा हात फेट्याकडं गेला होता, तो तिथंच राहिला. हे लग्न आता मोडतंय, हे मांडवातल्या लहान पोरांनाही कळलं.

मग कोपऱ्यातून नवरदेवाचा मामा बोलला. जाड मिशांचा, सगळ्यांत मानाचा माणूस तो.

"बराक कोणती?"

"तीन नंबर."

"खिडकीपाशी पाणी गळतंय का अजून?"

"गळतंय. खाली डबा ठिवलाय."

"तो डबा माझा," मामा म्हणाला.

वऱ्हाडानं मामाकडं पाहिलं. मामानं मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "बघता काय? आपल्या घरात एवढी वर्षं कोणी कबूल केलं नाही. या पोरानं न विचारता सांगितलं. लावा लग्न." नवरदेवाच्या वडिलांनी फेटा सारखा केला. सनई पुन्हा सुरू झाली, आणि आत अनशी रडता रडता हसायला लागली.

अक्षता पडल्या. भटजी म्हणाले, "मुलीच्या भावानं यावं. कान पिळावा."

सावळाराम आला आणि हात पाठीमागं बांधून उभा राहिला.

"पिळ की," भटजी म्हणाले.

"अट हाय. कुणाच्या अंगाला हात लावायचा न्हाई."

भटजींनी समजावलं, आईनं समजावलं. सावळाराम घामाघूम झाला. एकीकडं बहीण, दुसरीकडं दोन वर्षं. त्यानं अनशीकडं पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले, पण हात काही पुढं आला नाही. शेवटी हवालदार पंगतीतून उष्ट्या हातानं उठून आले.

"सावळाराम, हा रिवाज आहे. मी हवालदार म्हणून सांगतो, अटीतून कान वगळला. बाकी अंगाला लावायचा नाही, कानाला लावायचा. धर घट्ट."

सावळारामचा चेहरा उजळला. त्यानं कान धरला. घट्ट धरला. सोड कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून सप्तपदीही नवरदेवानं तशीच वाकड्या मानेनं पुरी केली. सातव्या पावलाला अनशी हळूच म्हणाली, "दादा, सोड की आता," तेव्हा सुटला.

चौदावा दिवस आला. हवालदारांनी ठरवलं होतं, याला स्वतःच्या हातानं फाटकात ढकलायचं आणि मगच घरी येऊन जेवायचं. एसटीच्या थांब्यावर आईनं सावळारामच्या पाठीवरून हात फिरवला. "नीट जा बाबा. आन् तो कागद घिऊनच ये." हवालदार म्हणाले, "म्हातारे, अटी याच्याइतक्या कोणी पाळल्या नाहीत. आज संध्याकाळी सुटतोय बघ."

दुपारच्या गाडीत दोघं बसले. चांगला तास-दीड तास प्रवास झाला. माळावर तुरुंगाची दगडी भिंत दिसायला लागली आणि सावळारामनं उठून घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. तो उतरला. हवालदार त्याच्या मागं धावत उतरले. कंडक्टरनं दोघांना शिव्या घातल्या आणि गाडी निघून गेली. त्या रस्त्याला ती शेवटचीच गाडी होती.

रस्त्याच्या कडेला चुना लावलेला एक दगड होता. सावळाराम दगडाच्या अलीकडं मांडी घालून बसला.

"हे काय?"

"तालुक्याची हद्द. वलांडायची न्हाई."

"अरे, तुरुंग पलीकडं आहे."

"तेच म्हनतोय. सायबांनी असं का सांगितलं, काय कळंना."

सूर्य माळावर उतरत चालला होता. हवालदारांनी आवाज चढवला, उतरवला, आईची शपथ घातली. सावळाराम ऐकत होता आणि त्याचं तोंड रडवेलं होत चाललं होतं. हद्द ओलांडली तर अट मोडते. बसून राहिलं तर वेळेची मोडते. कसंही केलं तरी दोन वर्षं. आई थांब्यावर वाट बघत बसणार.

"आणि मी तुला उचलून नेलं तर?" हवालदार वैतागून बोलून गेले.

सावळारामनं विचार केला. बऱ्याच वेळानं तो हसला. "मग तुमी वलांडली. तुमाला अट न्हाई."

हवालदारांनी चौफेर पाहिलं. माळावर कोणी नव्हतं. ते खाली बसले आणि त्यांनी सावळारामला खांद्यावर घेतलं. दोन पावलं गेले न गेले तोच ते झोकांडले. वर सावळाराम दोन्ही हात हवेत धरून बसला होता.

"अरे, धर की मला कुठंतरी."

"अंगाला हात लावायचा न्हाई."

"मग पडशील. मला पण पाडशील."

सावळारामला आठवलं. "कान वगळलाय," तो म्हणाला, आणि त्यानं हवालदारांचे दोन्ही कान घट्ट धरले.

दगडापलीकडं पाय टेकवायला सावळाराम तयार नव्हता, आणि पुढं मैलभर चढ होता. सूर्याची कड टेकली तेव्हा हवालदार फाटकात पोचले. तोंड लाल, टोपी वाकडी, कान कोकमासारखे. पहारेकऱ्यानं बंदूक बाजूला ठेवली, त्याला हसू आवरेना. जेलरसाहेब बाहेर आले.

"खराडे, अटी पाळल्या यानं?"

"साहेब," हवालदार धापा टाकत म्हणाले, "एकूण एक पाळल्या. काय सांगू तुम्हाला."

जेलरसाहेबांनी खिशातून कागद काढून सावळारामच्या हातात ठेवला. "सुटलास. हुशार आहेस. घरी जा, आई वाट बघत असेल."

सावळारामनं कागद कपाळाला लावला. त्याला आईचा चेहरा दिसला, अनशीचा दिसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. हवालदारांचेही डोळे ओले झाले, पण ते कानांमुळं असेल. त्यांनी टोपी सारखी केली, एक मोठा सुस्कारा सोडला आणि ते उताराला लागले. दहा पावलं गेल्यावर त्यांना वाटलं, मागं पावलं वाजत नाहीत. त्यांनी वळून पाहिलं. सावळाराम फाटकातच उभा होता.

"चल की रे."

"सायेब, गावात जायाचं म्हंजी हद्द पुन्हा मधी आली."

"अरे, सुटलास तू. कागद आहे ना हातात?"

सावळारामनं कागद पहारेकऱ्याकडून दोनदा वाचून घेतला. "यात हद्दीचं काई लिवलेलं न्हाई," तो म्हणाला. "एवढे दिवस सांभाळली. आता आई वाट बघत आसताना कशाला मोडू? वाका."

हवालदार परत आले. ते त्याच्याकडं गेले नाहीत. ते जेलरसाहेबांसमोर गेले, ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला.

"साहेब, तीन नंबरात याची जागा रिकामी झाली ना? ती मला द्या."

त्यांच्या मागं सावळाराम तोवर कान धरायला दोन्ही हात पुढं करून तयार होता.