दुसरं काडतूस

“…ते सगळं राहू दे. हात अडकला, त्या घडीला तू काय करत होतास?”

“जेवत होतो,” सरनोबत म्हणाले.

दावलशा फकीर त्यांच्याकडं बघू लागला. नुसता बघत राहिला.

आता सरनोबतांकडं असं कुणी बघत राहणं म्हणजे काय! कारखान्याचे मालक, मोठा बंगला, आणि बंगल्यात जुन्या विलायती बंदुका भिंतभर. त्यांच्यासमोर लोक मान खाली घालून उभे राहायचे. पण गेला महिनाभर त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट, या दोहोंत फट पडली होती, ती काही केल्या मिटत नव्हती. डॉक्टर झाले, वैद्य झाले, तेल चोळून झालं. हाडाला काही नाही, शिरेला काही नाही. झोपेतसुद्धा बोटं तशीच फाकलेली, मध्ये काहीतरी धरून ठेवल्यासारखी. बायको त्या बाजूला झोपेनाशी झाली, तेव्हा मात्र सरनोबतांचं धाबं दणाणलं. शेवटी नाक मुठीत धरून सातपुड्यातल्या या फकिराच्या ओट्यावर चढून आले होते.

“जेवण झालं होतं,” त्यांनी आवाज उतरवला. “पाहुण्यांना बंदूक दाखवत होतो.”

“आणलीस?”

आणली होती. फकिरानं तसा निरोपच धाडला होता. चामड्याची पेटी उघडली मात्र, सरनोबतांचा चेहरा खुलला. दुखणं गेलं खड्ड्यात!

“शिकारी रायफल, बाबा. सव्वाशे वर्षांच्या वरची. एका वेळी एकच काडतूस. ही खालची कडी अशी ओढायची…”

खट्. आतला पोलादी ठोकळा खाली सरकला. नळीचं मागचं तोंड उघडं पडलं.

“काडतूस आत, कडी वर, आणि बार! मग पुन्हा पहिल्यापासून. एक स्क्रू बदललेला नाही हिचा. अशी दुसरी कुणी दाखवावी, मिशी उतरवून देईन.”

“तू झाडलीस कधी?”

“छे छे! ही झाडायची नसते. जपायची असते.”

“मग पाहुण्यांना दाखवतोस काय?”

“हिची गोष्ट!” सरनोबत सरसावून बसले. “याच डोंगरात घडलेली. एका साहेबानं हिच्यातून वाघावर गोळी घातली. नेम चुकला आणि वाघ गवतातून सरळ अंगावर आला. आता एकबारी बंदुकीच्या शिकाऱ्यांची एक रीत असायची. दुसरं काडतूस डाव्या हाताच्या बोटांत धरून ठेवायचं. आयत्या वेळी खिसे कोण चाचपत बसणार? तर साहेब सापडला तेव्हा बंदुकीची कडी खाली ओढलेली, नळी उघडी, आणि काडतूस…” त्यांनी मिटकी मारली. “काडतूस बोटांतच! भरायचं राहूनच गेलं बिचाऱ्याचं.”

“नाव काय?”

“कुणाचं?”

“त्या माणसाचं.”

“ते… कोण जाणे. कारागिराचं नाव आहे ना, हे काय नळीवर कोरलंय. नंबरसुद्धा आहे.”

फकिरानं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

“मला दाखव. पाहुण्यांना दाखवतोस, तसं.”

“इथं?”

“इथंच.”

ओट्यासमोर मोकळी माती होती आणि तिच्यापुढं उतारावर कमरेएवढं पिवळं गवत. उन्हं डोक्यावर आली होती. सरनोबतांनी आढेवेढे घेतले नाहीत. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर कितीदा केलं होतं त्यांनी हे! एक गुडघा टेकला, दस्ता खांद्याला लावला, तोंडानं ‘ठो’ केलं. डोळे मोठे केले. कडी खाली ओढली. डाव्या हाताची बोटं फाकवावी लागली नाहीत, ती होतीच तशी.

“आणि मग?”

“मग काही नाही. इथं मी थांबतो. लोक टाळ्या वाजवतात.”

इथं कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सकाळपासून कलकलणारे सातभाई पक्षी एकाएकी गप्प झाले होते.

समोरच्या गवतात एक पट्टा लवला. वारा नव्हता. बाकीचं गवत उभंच होतं.

“बाबा… गवतात काय आहे?”

“तू सांग. गोष्ट तुझी.”

पट्टा थांबला. मग पुन्हा लवला, अलीकडं. सरनोबत उठायला गेले, तर टेकलेला गुडघा हलेना. ओल्या कातड्याचा उग्र वास आला. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, तर दातखीळ बसलेली.

आणि त्यांचा उजवा हात आपसूक उचलला गेला. डाव्या बोटांमधलं काडतूस काढायला गेला.

बोटांत काही नव्हतं.

हात पुन्हा गेला. काही नव्हतं. पुन्हा गेला. रिकाम्या फटीत चिमटी आपटत राहिली आणि गवत लवत लवत मातीच्या कडेपर्यंत आलं. सरनोबतांनी डोळे मिटून घेतले.

“आई गं…”

त्यांना त्या क्षणी कळलं. किती भ्याला असेल तो! या इथं, एका गुडघ्यावर, अशाच उन्हात. काडतूस त्याच्यापाशी होतं. हातात होतं. आणि हात पोचला नाही. हीच गोष्ट आपण तिखटमीठ लावून सांगितली, सुपारी कातरता कातरता.

“बाबा,” ते रडत म्हणाले, “त्यालाही घरी जायचं होतं हो. आणि मी… मी लोकांना हसवत होतो.”

फकीर ओट्यावरून उतरून आला आणि त्यांच्या शेजारी मातीत बसला.

मग कुठंतरी एक सातभाई बोलला.

सरनोबतांनी डोळे उघडले. गवत सरळ उभं होतं. डावा हात मांडीवर पडला होता आणि त्याची मूठ वळलेली होती. त्यांनी ती उघडली. मिटली. पुन्हा उघडली. लहान पोरासारखे हसले आणि फकिराच्या पायांवर डोकं ठेवलं.

“मिटतात बाबा बोटं! सुटलो मी!”

फकिरानं मान हलवली.

सरनोबत उठले, गुडघे झटकले. आणि जित्याची खोड ती, नजर बंदुकीकडं गेलीच. ती मातीत आडवी पडली होती, कडी खाली, नळी उघडी. ते कडी वर करायला वाकले.

फकिरानं त्यांचं मनगट धरलं.

“राहू दे.”

“अशी उघडी? अहो बाबा, माती जाईल आत. मी नुसती बंद करतो आणि पेटीत…”

फकिरानं ओठांवर बोट ठेवलं. तो सरनोबतांकडं बघत नव्हता, बंदुकीपलीकडच्या मोकळ्या मातीकडं बघत होता.

“डोंगर हळू उतर, बेटा… तो अजून भरतोय.”