परडीतली घुबडं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा प्राणी आणि पक्षी माणसांशी बोलत असत. हल्ली बोलत नाहीत. आपण ऐकून घेत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात देवीचं देऊळ होतं आणि देवळाला लागून देवीची बाग होती. हौसा माळीण आणि तिचा नवरा रायाजी ती बाग राखत. पुढच्या अंगाला शेवंती, झेंडू आणि गुलछडी, मागच्या अंगाला केळी आणि रताळ्याचे वेल. कुणा जुन्या राजाने ही बाग हौसाच्या सासरच्यांना दिली, तेव्हा एकच अट घातली होती. देवीच्या गळ्यात रोज याच बागेतली फुलं पडली पाहिजेत. ज्या दिवशी देवी फुलांवाचून राहील, त्या दिवशी बाग दुसऱ्याच्या हाती जाईल. राजे आले आणि गेले, पण देवीचा गळा एकदाही मोकळा राहिला नव्हता. हौसाला त्याचा भारी अभिमान होता.

बागेच्या कोपऱ्यात एक जुनी चिंच होती. तिच्या ढोलीत एक पांढरं घुबड राहायचं. दिवसभर त्याचा पत्ता नसे. तिन्हीसांजेला ते एकदा किंचाळायचं आणि उडून जायचं. हौसाने त्याच्याकडे कधी धड पाहिलंही नव्हतं.

एका उन्हाळ्यात देवळाचा गुरव सांजेच्या पूजेची फुलं घ्यायला बागेत आला, आणि घुबड नेमकं त्याच्या डोक्यावर किंचाळलं.

"अगं हौसे," गुरव दचकून म्हणाला, "देवीच्या दारात ही अवदसा कशाला ठिवलीस? घुबड वरडलं की गावातलं कुणीतरी जातंच. हाकल त्याला!"

हौसाने दगड उचलला आणि भिरकावला. पोपट हाकलून हाकलून तिचा नेम पक्का झालेला. दगड पंखावर बसला. पांढरा पक्षी कलंडला, कसाबसा सावरला आणि खाली खाली उडत नदीच्या दिशेने दिसेनासा झाला.

गुरवाच्या तोंडचं पाणीच पळालं. "अगं, हाकल म्हणलं म्या, दगड मार म्हणलं व्हय? दगड कुठं पडला ते बघ आदी!"

आता हे कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण त्या मुलखात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं की घुबडाला दगड मारू नये. मारलेला दगड घुबड उचलून नदीवर नेतं आणि खडकावर घासत बसतं. जसजसा दगड झिजतो, तसतसा मारणारा माणूस झिजतो, आणि दगडाची माती झाली की माणसाचीही होते. हौसालाही हे ठाऊक होतं. पण हात आधी चालला आणि डोकं मागून.

दोघांनी गवत उचकटलं, वेल बाजूला सारले, पण दगड काही सापडला नाही. "नेलाच मग त्यानं," गुरव पुटपुटला आणि फुलं न मोजताच निघून गेला.

पाऊस सुरू झाला आणि बागेत उंदीर वाढले.

उंदीर काही आधी नव्हते असं नाही. बाग म्हटली की उंदीर आलेच. पण हे म्हणजे पेव फुटल्यासारखं झालं. गुलछडीचे कंद जमिनीतल्या जमिनीत फस्त झाले. सकाळी उभं असलेलं रोप दुपारी आडवं पडायचं आणि उपटून पाहावं तर खाली मूळच नाही. रताळी आतून पोखरलेली, केळीचे कोंब कुरतडलेले. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. इथे उंदीर बाग पोखरून माळणीला काढायला निघाले होते.

रायाजीने सापळे लावले. पहिल्या दिवशी दोन उंदीर सापडले, पुढे सापळ्यातलं खोबरं तेवढं जायचं. मग त्याने मांजर आणलं. ते दूध पिऊन चुलीपाशी असं झोपलं की उंदीर त्याच्या शेपटीवरून जाऊ लागले. मग बिळांत मिरचीची धुरी दिली. उंदीर दुसऱ्या तोंडाने बाहेर पडले आणि नवराबायको मात्र दिवसभर शिंकत बसली.

"ते गणपतीचं वाहन हाय," गुरवाने सल्ला दिला. "मारू नगा. मोदक ठिवा, आपसूक जातील." मोदक ठेवले. उंदीरमामा तृप्त झाले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या साऱ्या भाच्यांनाही घेऊन आले.

हौसाच्या मनाने मात्र एकच घेतलं होतं. दगड झिजतोय. दगड झिजतोय, म्हणून मी झिजतेय, आणि माझ्यामागे माझी बाग. तिचा घास घशाखाली उतरेना. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागल्या. पुढे पुढे तर तिने खुरपंही हाती धरणं सोडलं. आपण मातीच होणार, तर माती उकरून करायचं काय?

"हौसे," रायाजी म्हणायचा, "दगड झिजायचा तवा झिजंल. तू आदी भाकर खा."

पण ती खात नसे. देवीचा हार आखूड होत गेला. हाराचा गजरा झाला, गजऱ्याची ओंजळ झाली. पावसाळा सरला, तेव्हा बागेत शेवंतीचं एकच झुडूप उरलं होतं. त्यावर थोड्याच कळ्या होत्या, आणि झुडपाच्या बुडाशी ताजं बीळ होतं.

ते बीळ पाहून हौसा खाली बसली. आपण गेलो तर एक वेळ चालेल, पण आपल्या हातून देवी फुलांवाचून राहिली तर? नुसत्या विचाराने तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि ती उठली.

"कारभारी," ती नवऱ्याला म्हणाली, "या झुडपापाशी बसून ऱ्हावा, हलू नगा. मी माझा दगड मागून आणते."

एक फूल देवीला वाहून ती निघाली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तिने फुलांच्या परडीत दहीभात घेतला. घुबडाला दहीभात चालतो का, हे तिला ठाऊक नव्हतं. पण रुसलेल्याला आपल्याकडे दहीभातच देतात.

नदीच्या काठाने ती वर वर गेली. पुढे पाण्यावर एक उंच कडा होता आणि कड्यात कपार होती. हौसा खाली उभी राहिली आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. कपारीतून आवाज येत होता. खर्र, खर्र, खर्र. कुणीतरी काहीतरी घासत होतं.

'माझाच दगड,' तिच्या मनात आलं. ती धरून धरून वर चढली आणि आत डोकावली.

आत दगड नव्हता. कोपऱ्यात पांढऱ्या पिसांचे गोळे एकमेकांना बिलगून बसले होते. ती घुबडाची पिल्लं होती आणि भुकेने चोची उघडून घशातून तो आवाज काढत होती. त्यांच्याजवळ चिंचेतलं ते जुनं घुबड बसलं होतं. त्याचा एक पंख जमिनीवर लोंबत होता.

आणि त्यांच्या पुढ्यात हाडांची रास होती.

हौसाने खळ्यावर धान्याच्या राशी पाहिल्या होत्या, पण अशी रास तिने जन्मात पाहिली नव्हती. काडीसारखी बारीक हाडं, चिंचोक्याएवढ्या कवट्या, राखाडी केसांचे गोळे. सगळी उंदरांची. तिने वाकून एक कवटी तळहातावर घेतली. तिचे पिवळे, वाकडे दात हौसाला चांगले ओळखीचे होते, कारण रोज सकाळी तिच्या रोपांवर त्यांच्याच खुणा असायच्या.

"ही... ही किती वर्सांची?" तिने कसंबसं विचारलं.

"एका पावसाळ्याची," घुबड म्हणालं. "आणि तीही एकट्या माझ्या कारभारणीची. मी तर तेव्हापासून इथेच बसून आहे. आमच्या दोघांची रास बघायची असेल, तर तुझ्या चिंचेच्या ढोलीत उतरून बघ."

म्हणजे यंदा एवढे उंदीर आपल्या बागेत जगले! त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं! डोक्यावरून रोज एवढा मोठा राखणदार उडत होता, आणि आपल्याला त्याच्या पंखांचा आवाजसुद्धा कधी आला नव्हता. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यावर व्हायचं तसं तिला झालं. तिने नकळत हात जोडले.

"दगड मागायला आलीस?" घुबडाने विचारलं.

"व्हय बाबा. झिजला असला तरी चालंल. तेवढा परत दे."

घुबड हसलं. घुबडाला हसताना कुणी पाहिलेलं नाही, म्हणून ते कसं दिसतं ते सांगता येत नाही. पण ते हसलं एवढं खरं.

"अगं बाई, या पायांत मी उंदीर धरू की तुझा दगड? पडला असेल तिथेच कुठेतरी, मातीत रुतून."

"मग मी झिजतेय ती कशानं?"

"भीतीने. आणि भाकरी टाकल्याने."

"आणि माझी बाग?"

घुबडाने आपला पाय पुढे केला. नख्या बोथट झाल्या होत्या, बोटांवर जुन्या चाव्यांचे वण होते. "झिजतो म्हणतात ते खोटं नाही, हौसे. पण झिजत होतो तो मी. तुझ्या सासूच्या वेळी माझा बाप झिजला, तिच्या सासूच्या वेळी माझा आजा. एका जागी राहणाऱ्यांनी एकमेकांसाठी झिजावं, अशी आमच्यात रीत आहे."

हे ऐकलं आणि हौसा हमसून हमसून रडली. भीतीने नव्हे, लाजेने. मग ती म्हणाली, "बाबा, आता घरी चला."

"मला उडता येत नाही आणि पिल्लांना अजून पंख नाहीत. आमची कारभारीण पिल्लांना सोडून तुझ्या बागेपर्यंत जाऊ शकत नाही. कसं यायचं आम्ही?"

हौसाने दहीभात कड्यावर कावळ्यांसाठी ठेवला. परडी पदराने स्वच्छ पुसली. एकेक पिल्लू उचलून तिने परडीत ठेवलं, आणि जुन्या घुबडाला आपल्या मनगटावर घेतलं.

दिवसाढवळ्या ती गावात शिरली, तेव्हा वाटेवरची माणसं भिंतींना चिकटून उभी राहिली. बायकांनी पोरांचे डोळे झाकले. देवळापाशी गुरव आडवा आला.

"हौसे! देवीच्या परडीत घुबडं? डोकं फिरलं का तुझं? ती विटाळली की गं!"

"गुरवकाका," हौसा शांतपणे म्हणाली, "देवीचीच फुलं हाईत ही. अजून उमलायची हाईत, एवढंच."

गुरव बाजूला झाला.

पिल्लं चिंचेच्या ढोलीत बसली, जुनं घुबड ढोलीच्या तोंडाशी बसलं. दिवस मावळायला आला तेव्हा सारा गाव बागेच्या कुंपणापाशी जमला होता. आता काय अरिष्ट येतं ते बघायला. पिल्लांनी भुकेची खरखर लावली होती. शेवंतीच्या झुडपाशी रायाजी अजून राखण करत बसला होता, आणि त्याच्या समोरच बिळातून एक उंदीर धीटपणे बाहेर आला.

मग पिल्लांच्या आवाजाच्या मागाने नदीच्या बाजूने काहीतरी पांढरं आलं. पान हललं नाही, वारा हलला नाही. एवढे मोठे पंख माणसांच्या डोक्यावरून गेले आणि कुणाच्या कानाला त्यांची चाहूलही लागली नाही. घुबडीण झुडपावर क्षणभर थबकली, खाली आली, वर गेली. झुडपापाशी उंदीर नव्हता. शेवंतीची एक कळीही हलली नव्हती.

कितीतरी वेळ ती येत राहिली आणि जात राहिली, आणि लोक श्वास रोखून पाहत राहिले. गुरवाने डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं होतं. आपण असे उभे आहोत, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

त्या झुडपावरचं फूल दुसऱ्या दिवशी देवीला मिळालं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही मिळालं. हौसा भाकरी खाऊ लागली, खुरपं हाती घेऊ लागली. पुढच्या वर्षी गुलछडी अशी आली की हार उचलायला गुरवाला दोन्ही हात लागले. उंदीर सगळेच संपले असं नाही. संपावेत तरी कशाला? घुबडांच्या पोटापुरते ते राहिले, आणि बाग देवीपुरती व माणसांपुरती राहिली. पिल्लं मोठी झाली आणि आजूबाजूच्या गावांतल्या झाडांवर गेली. त्या गावांनी त्यांना राहू दिलं.

जुन्या घुबडाचा पंख मात्र पुन्हा कधी सरळ झाला नाही. हौसाने हळद लावली, तेल लावलं, नाना पाले बांधून पाहिले. रोज तिन्हीसांजेला ते ढोलीच्या तोंडाशी येई, एकच पंख उघडी, समोरच्या मोकळ्या आभाळाकडे बघत राही आणि पंख पुन्हा मिटून घेई. हौसा ते खालून पाहायची. घुबडाने तिला कधी बोल लावला नाही. तिने स्वतःला लावला, आणि तो जन्मभर पुरला.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्यासाठी कोण झिजतं हे भीतीला विचारू नये, आपल्या डोळ्यांना विचारावं.