जुन्यांची शाल

लोकांची गाणी, फोटो आपल्या सर्व्हरवर सांभाळणाऱ्या एका कंपनीने सांगलीत जुन्या ग्राहकांचा सत्कार ठेवला होता. पहिला मान वच्छलाबाई रेणक्यांचा. त्यांच्या वारलेल्या नवऱ्याने गायलेली देवीच्या गोंधळाची गाणी तिथेच होती, दुसरीकडे कुठे नव्हती.

आम्हा सगळ्या जुन्या ग्राहकांना शाल-नारळ देऊन झाल्यावर मालक पाटणकर माईकवर म्हणाले, "खर्च फार वाढलाय. जुने प्लॅन या महिन्यात बंद. तिप्पट दराचा नवा घ्या, नाहीतर साठवलेलं सगळं पुसलं जाईल."

सत्काराला बोलावून हे सांगायचं! माझ्या अंगाची लाही झाली. वच्छलाबाई मात्र मागच्या फलकाकडे बघत होत्या. 'नव्या ग्राहकाला पहिलं वर्ष मोफत' असं त्यावर लिहिलं होतं.

"साहेब, ते मला द्या की."

"आजी, ते नव्यांसाठी. तुम्ही तर आमच्या सगळ्यात जुन्या!"

"मग जुना प्लॅन राहू द्या."

"तो बंद झाला, म्हटलं ना."

वच्छलाबाईंनी शालीची घडी घातली, वर नारळ ठेवला आणि पुढे केला. "जुनी असेन तर जुना प्लॅन द्या. नवी असेन तर जुन्यांचा हा मान माझा नव्हे, परत घ्या आणि वर्ष फुकट द्या. बोला, करता हात पुढे?"

भरल्या सभेत दिलेली शाल कोण परत घेणार? पाटणकरांचे हात पाठीमागे गेले. तोवर आम्ही सगळेच आपापल्या शालींच्या घड्या घालू लागलो होतो.

"राहतील, जुने प्लॅन राहतील," माईकवरून आवाज आला.

वच्छलाबाईंनी शाल पुन्हा पांघरली. नारळ तिथेच पायरीवर फोडून सगळ्यांना वाटला, पहिला तुकडा पाटणकरांना.